हमीची रेघ

प्राध्यापक नेमिनाथ आरवाडे यांच्या अकरा हजार पानांतल्या लाल रेघा मी माझ्या हाताने गाळल्या. तेहतीस वर्षं गाळत होते. कुणी विचारलं असतं तर वर छाती फुगवून सांगितलं असतं, की पान स्वच्छ कसं दिसतं ते शमीम मुजावरकडून शिका. मिरजेत कोर्टाजवळ माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, भाडेकरार आणि सतरा भाषांत गेलेलं तर्कशास्त्र, सगळं मी एकाच कीबोर्डवर बडवलं.

सर कायम हाताने लिहीत. आखीव ताव, बारीक अक्षर, आणि डावीकडच्या समासात काही वाक्यांशेजारी लाल पेन्सिलीची एक उभी रेघ. पहिलं बाड घेऊन आले तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते आणि तोंडाने फटकळ होते. विचारलं, "सर, ह्या रेघा छापायच्या की नुसतीच हौस आहे?"

"रेघ आहे ते माझं म्हणणं," सर म्हणाले. "रेघ नाही ते दुसऱ्याचं, किंवा मी नुसतं धरून पाहिलेलं."

"मग पुस्तकात लोकांना कसं कळायचं?"

"वाचणारा शहाणा असतो. तू काढून टाक."

मी काढून टाकल्या. परवानगी होती, हे खरं. पण ती बाडं मी दुकानाच्या माळ्यावर ठेवून दिली, रद्दीत घातली नाहीत, एवढं शहाणपण माझ्याकडून कसं झालं कोण जाणे.

सरांचा सगळा सिद्धान्त त्या रेघेत होता. मुद्रितं पोचवायला मी कॉलेजात जायची आणि मागच्या बाकावर बसून राहायची. एकदा त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'दाराबाहेर वाघ उभा आहे.' मग वर्गाकडे वळून म्हणाले, "कुणी पळत का नाही?" पोरं हसली. सर म्हणाले, "वाक्य तर बिनचूक आहे. अर्थ तुम्हाला कळला. खरं असलं तर जिवावर बेतेल. तरी कुणी हललं नाही, कारण ह्या वाक्याची हमी कुणी घेतलेली नाही. अर्थ वाक्यात असतो. हमी माणसाला द्यावी लागते." बाहेरच्या विद्यापीठांत आज ह्याला आरवाडे प्रश्न म्हणतात. मी तो मागच्या बाकावर, हातात मुद्रितांचं भेंडोळं धरून ऐकला.

आणि त्यांची वाद घालायची रीत! आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं, तेही समोरच्याला जमलं नसतं इतकं भक्कम करून. वर्ध्याच्या एका तरुणाने सरांवर आठ पानांची झोडपणी लिहिली होती. सरांनी त्याला बोलावून घेतलं आणि भर सभेत त्याची बाजू अशी मांडली की तो उठून म्हणाला, "सर, हे मलासुद्धा सुचलं नव्हतं." पूर्वपक्ष संपला की सर भांड्यातलं पाणी प्यायचे, सावकाश, चांगलं अर्धा मिनिट. समोरच्याला काही राहिलं असेल तर आठवायला वेळ द्यावा लागतो, असं त्यांचं म्हणणं. त्यानंतर उत्तर. त्या दिवशी मात्र पाणी पिऊन झाल्यावर ते म्हणाले, "याला माझ्याकडे उत्तर नाही," आणि खाली बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात येऊन त्यांनी मला छापायला तयार असलेल्या पुस्तकातलं एक अख्खं प्रकरण उडवायला लावलं. मी चिडले होते. आज सांगते, असा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

दोन वर्षांपूर्वी, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, त्यांना पक्षाघात झाला. उजवं अंग गेलं आणि भाषा गेली. समजत सगळं होतं, वाचताही हळूहळू येत होतं. पण मनातलं वाक्य जिभेपर्यंत यायच्या आत विस्कटायचं आणि हातातून अक्षर उमटेना. सरांसारख्या माणसाचं हे व्हावं, याचा मला इतका राग यायचा की दुकानात गिऱ्हाइकांवर निघायचा.

मग 'वाचासेतू' आला. पोस्टाच्या तिकिटाएवढा एक पातळ पापुद्रा मेंदूच्या पृष्ठभागावर बसवतात. बोलायचं मनात आलं की मेंदू जीभ, ओठ, घसा यांना निरोप धाडतो, ते निरोप हा पापुद्रा वाटेतच टिपतो. सरांच्या बाबतीत निरोप निम्मेच येत. शब्दाची सुरुवात यायची आणि शेवट गळायचा. ती गळती यंत्र अंदाजाने भरून काढायचं. अंदाजासाठी त्याला दोन शिदोऱ्या दिल्या होत्या. एक, लोकांच्या लाखो पत्रांची आणि संभाषणांची. दुसरी, सरांच्या स्वतःच्या लिखाणाची, म्हणजे मी टाइप केलेल्या अकरा हजार पानांची. वर्गातल्या जुन्या ध्वनिफितींवरून आवाजही त्यांचाच बनवला होता. समोरच्या पडद्यावर वाक्य उमटायचं आणि खणखणीत आवाजात ऐकू यायचं. आठ सेकंद निरोप आला नाही की 'टुंग' वाजून यंत्र बंद व्हायचं, कारण मेंदूला थकवू नये असा डॉक्टरांचा दंडक होता.

पापुद्रा आधी नव्वद दिवसांसाठी बसवतात. नव्वदाव्या दिवशी रुग्णाने यंत्रातून स्वतः सांगायचं, कायमचा ठेवा की काढा. काढला की पुन्हा बसवता येत नाही.

सरांची मुलगी पद्मजा बेळगावला पशुवैद्य आहे. दर रविवारी सकाळी यायची आणि संध्याकाळी साडेपाचच्या बसने परत जायची. लहानपणापासून तिची एकच तक्रार, की आप्पांनी कधी चांगलं म्हटलं नाही. बारावीला जिल्ह्यात तिसरी आली तर सर म्हणाले होते, "तिसरी आलीस हे खरं आहे." हमी देता येईल तेवढंच बोलणारा बाप, पोरीने काय करावं? आता त्याच बापाचा आवाज पडद्यातून म्हणू लागला, "पद्मजा, तू माझ्या आयुष्याचा आधार आहेस." तिने ते फोनवर टिपून ठेवलं. बसमध्ये कानाला लावून ऐकत जायची. चेहरा उजळलेला असायचा.

मी पहिल्यांदा ते वाक्य ऐकलं तेव्हाच मला खटकलं. 'आयुष्याचा आधार' हे सरांचं नव्हे. तेहतीस वर्षं मी त्यांचा शब्द न् शब्द बडवलाय, असला एक सापडला नाही. बाप आणि लेक म्हटल्यावर त्या लाखो पत्रांतून यंत्राने ते उचललं असणार. पण पद्मजा इतकी सुखात होती की मी तोंडाला कुलूप घातलं. थोडा हेवाही होता माझ्या मनात. माझ्याबद्दल यंत्र असलं काही बोललं नव्हतं.

नव्वदावा दिवस सोमवार होता. सकाळी अकरा वाजता दवाखान्यातल्या त्या उजेडाच्या खोलीत आम्ही चौघं होतो. चाकाच्या खुर्चीत सर, शेजारी पद्मजा, समोर कागद घेऊन डॉक्टर घोरपडेबाई, आणि दाराशी मी. दोन दिवसांपासून सर यंत्रातून बोललेच नव्हते, नुसते विचारात होते.

"सर," घोरपडेबाई म्हणाल्या, "तुमच्या शब्दांत सांगा. ठेवायचं की काढायचं?"

आणि तो जुना आवाज सुरू झाला.

"मी बोलतो आहे असं तुम्हाला वाटतं. तपासून पाहू. माझ्याकडून निम्मा शब्द येतो. उरलेला निम्मा यंत्र भरतं. त्या पुऱ्या वाक्याची हमी कोण घेणार? यंत्राला घेता येत नाही, कारण वाक्य खोटं ठरलं तर त्याचं काही बिघडत नाही. मला घेता येत नाही, कारण वाक्य पुरं मी केलेलं नाही. म्हणजे या बोलण्यामागे कुणीच उभं नाही. असं बोलणं घरात ठेवणं ही पद्मजेची फसवणूक आहे. गप्प बसलेला माणूस निदान कुणाला फसवत नाही. तेव्हा पापुद्रा काढावा आणि मी गप्प राहावं."

युक्तिवादात कुठेही फट नव्हती. सर थांबले. मी मनातल्या मनात मोजत होते की काय कोण जाणे, पण आठ सेकंदांनी 'टुंग' वाजलं आणि पडद्यावर आलं, 'निवेदन पूर्ण'.

पद्मजाने रुमाल तोंडाला लावला. घोरपडेबाईंनी हळूच पेनाचं टोपण काढलं. "इतकं स्पष्ट निवेदन मी आजवर ऐकलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "पद्मजाताई, साक्षीदार म्हणून तुमची सही लागेल."

माझं लक्ष सरांच्या डाव्या हाताकडे गेलं. तो हात खुर्चीला जोडलेल्या फळीवर काहीतरी चाचपडत होता. बोटं अर्धवट मिटत होती, सरकत होती, पुन्हा उघडत होती. घोरपडेबाई म्हणाल्या, कंप आहे. पण कंप कुठला! ते भांडं शोधत होते. गिळताना ठसका लागतो म्हणून त्यांच्यासमोर आता कुणी पाणी ठेवत नसे.

"थांबा," मी ओरडलेच. "सही करू नका. त्यांचं बोलणं संपलेलं नाही. पूर्वपक्ष झालाय फक्त."

"काय बोलायलीस तू, शमीमताई?" पद्मजा म्हणाली.

मी सांगितलं. पाणी, अर्धा मिनिट, वर्ध्याचा तो तरुण, सगळं भराभर. घोरपडेबाई ऐकून घेत होत्या. मग त्यांनी नेमक्या मुद्द्यावर बोट ठेवलं. "पण तुमच्या सांगण्यावरून मी कसं ठरवू? त्यांचं बोलणं पडद्यावर आहे. ते त्यांचं नाही असं तुम्ही म्हणताय. मग यंत्रातलं त्यांचं कुठलं आणि कुठलं नाही?"

तेव्हा मला माझ्या रेघा आठवल्या. यंत्राने सरांची पानं वाचली ती मी टाइप केलेली. त्यात समोरच्याचं म्हणणं आणि सरांचं म्हणणं एकाच शाईत, एकाच ओळीत, शेजारी शेजारी. नाहीतरी एखादं वाक्य धरून पाहणं आणि ते स्वतःचं म्हणून पुढे करणं, दोन्ही वेळा जिभेला जाणारा निरोप तोच असतो. फरक सांगणारी एकच खूण ह्या माणसाने आयुष्यभर जपली होती, आणि ती मी स्वच्छतेच्या नावाखाली पुसून टाकली होती.

"माझी चूक आहे," मी म्हणाले आणि तेही सगळं सांगितलं.

पद्मजा उठून उभी राहिली. तिला नको तेवढं चटकन कळलं होतं. "म्हणजे मला म्हणाले तेही त्यांचं नाही? आधार आहेस म्हणाले ते?"

मी पर्समध्ये हात घालून उगाच काहीतरी शोधू लागले.

"तुला नव्वद दिवस माहीत होतं आणि तू गप्प बसलीस?"

"शंका होती, पद्मजा."

"मग आजही गप्प बसायचं होतंस की!" ती रडत म्हणाली. तिचं काही चुकत नव्हतं. मी गप्प बसले असते तर सर कायमचे मुके झाले असते, पण तिच्या फोनमधलं ते वाक्य तिला जन्मभर पुरलं असतं. हे मला तिथे उभ्या उभ्या कळत होतं आणि तरी मी बोलले.

माझ्या पर्समध्ये लाल पेन्सिल असते. सरांचीच सवय लागलेली. घोरपडेबाईंना विनंती करून मी ते निवेदन मोठ्या अक्षरांत छापून घेतलं, कागद फळीवर ठेवला आणि पेन्सिल सरांच्या डाव्या हातात दिली. म्हटलं, "सर, तुमचं असेल तिथे रेघ मारा."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मग कागदाकडे. ते एकेक वाक्य वाचत खाली येत होते आणि पेन्सिल समासावरून नुसती सरकत होती. पहिल्या वाक्याला रेघ नाही. चौथ्याला नाही. 'पद्मजेची फसवणूक आहे' इथे हात थबकला आणि तिथे त्यांनी वेडीवाकडी पण उभी रेघ मारली. शेवटच्या, पापुद्रा काढायच्या वाक्याला रेघ नाही. पेन्सिल तशीच कागदाच्या तळाशी गेली आणि जिथे काहीच छापलेलं नव्हतं तिथे त्यांनी लांबलचक रेघ ओढली. अक्षर गेलेल्या माणसाला रेघ मात्र मारता येत होती.

"हे काय?" घोरपडेबाईंनी विचारलं.

"त्यांचं म्हणणं इथून पुढे आहे," मी म्हणाले. "यंत्र चालू करा. आणि थोडं पाणी आणा, चमच्याने पाजू."

दोन चमचे पाणी सरांनी घेतलं, सावकाश. 'याला माझ्याकडे उत्तर नाही' असंही त्यांच्या तोंडून येऊ शकलं असतं. तसं असतं तर त्यांनी ते कुणाचीही भीड न ठेवता सांगितलं असतं.

"पूर्वपक्ष भक्कम आहे," आवाज आला. "बांधायला दोन दिवस लागले. तो म्हणतो, यंत्रातून आलेल्या बोलण्यामागे कुणी उभं नाही. पण हे तो यंत्रातूनच म्हणाला. त्याचं खरं असेल, तर पापुद्रा काढा असं कुणीच म्हटलेलं नाही. मग काढता कशाला? त्याचं खोटं असेल, तर काढायला कारण उरलं नाही."

घोरपडेबाई खो खो हसल्या. मी तर चक्क टाळी वाजवली. भाषा गेलेला, अर्धं अंग गेलेला म्हातारा, आणि डोक्यातला तो सुरा अजून तसाच धारदार!

"राहता राहिली फसवणूक," आवाज पुढे म्हणाला. "ती खरी आहे. उपाय जुना आहे. मी वाक्य पाहीन. पटलं तर रेघ मारीन. रेघ मारली की निम्मा शब्द कुणी भरला, याला महत्त्व नाही. मी मागे उभा राहिलो. पापुद्रा ठेवा."

ही वाक्यंही छापून घेतली. सरांनी प्रत्येकाशेजारी रेघ मारली, एकही न गाळता. घोरपडेबाईंनी तो कागद फाइलला लावला.

पुढचं काम सोपं होतं. मी माळ्यावरची बाडं काढली आणि तीन महिने बसून अकरा हजार पानांत प्रत्येक रेघ जिथल्या तिथे भरली. यंत्र बनवणाऱ्यांनी सरांच्या डाव्या हातात एक रबरी फुगा दिला. दाबला की पडद्यावर वाक्याशेजारी लाल रेघ उमटते. ते आठ सेकंदही काढून टाकले. आता देशभर वाचासेतूबरोबर तो फुगा देतात, आणि रेघ नसलेलं वाक्य कुठल्याही कचेरीत रुग्णाचं म्हणून धरत नाहीत. एका माणसाच्या समासातली खूण हजारो मुक्या माणसांच्या हातात गेली. फळ्यावरचा तो वाघ पाहिलेली मी, मला याचा फार अभिमान वाटतो.

पद्मजा मात्र माझ्याशी बोलत नव्हती. एका रविवारी दुपारी ती दुकानात आली आणि दोनशे बारा पानांचा गठ्ठा टेबलावर ठेवला. नव्वद दिवसांत आप्पा जे जे बोलले ते सगळं छापील.

"त्यांना दे," ती म्हणाली. "मला धीर होत नाही."

सरांना तो वाचायला तीन आठवडे लागले. शेवटचं पान झालं त्या रविवारी मी गठ्ठा तिच्या मांडीवर ठेवला. सर समोरच खुर्चीत होते, डोळे तिच्यावर. पानंच्या पानं समास कोरा होता. 'खिडकी उघडा' याला रेघ होती. 'मीठ जास्त झालंय' याला चांगली जाड रेघ होती. 'शमीमला विचारा' हे नऊ वेळा होतं आणि नऊही वेळा रेघ होती. ते पाहून मी उठून उगाच खिडकीचा पडदा नीट करून आले.

पद्मजाने अर्थातच ते एक वाक्य आधी शोधलं. 'तू माझ्या आयुष्याचा आधार आहेस.' समास कोरा होता. पेन्सिल तिथे टेकून थांबल्याचा बारीक ठिपका होता, बस. तिचा चेहरा उतरला. तिने गठ्ठा मिटायला घेतला.

"पुढे बघ," मी म्हणाले. "रविवार बघ."

आरवाडे जैन, त्यांच्याकडे सूर्य मावळायच्या आत जेवणं आटोपतात. साडेपाचच्या बससाठी पद्मजा पाचला उठायची, ताटं वाढायच्या ऐन वेळी, आणि न जेवताच निघायची. सर दवाखान्यातून घरी आल्यापासूनचे अकरा रविवार होते. प्रत्येक रविवारचं शेवटचं वाक्य एकच होतं, 'जेवून जा.' तिने ते कधी फोनवर टिपलं नव्हतं, बहुतेक ऐकलंही नव्हतं. अकराही ठिकाणी उभी लाल रेघ होती, इतकी दाबून मारलेली की कागद मागून उठला होता.

पद्मजा ती पानं एकेक करून बघत राहिली. बोट रेघेवरून फिरवत होती. पाच वाजून गेले. मग तिने पर्स खुंटीला अडकवली आणि म्हणाली, "आप्पा, आज जेवून जाते."

सरांचे ओठ हलले. यंत्र काही शब्द जुळवू पाहत होतं, पण पडद्यावर एकही अक्षर उमटलं नाही. त्यांचा डावा हात फुग्यावर मिटला आणि कोऱ्या पडद्यावर नुसती एक लाल रेघ आली.